शांततेसाठी झिजलेले जीवन : डाग हॅमरशोल्ड

संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमध्ये झाला. वडिलांच्या घराण्यात सैनिक व शासकीय अधिकारी, तर आईच्या घराण्यात धर्मोपदेशक व विद्वान होऊन गेले होते. निःस्वार्थ सेवा आणि माणसामाणसांतील समता ही दोन मूल्ये त्यांना या वारशातून लाभली. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वीडनचे पंतप्रधान होते. हॅमरशोल्ड लुथरन पंथाचे. तथापि थॉमस अ केम्पिस या कॅथलिक संन्याशाचा 'ख्रिस्तानुकरण' हा ग्रंथ त्यांच्या नित्य सहवासात असे.

एप्रिल १९५३ मध्ये सरचिटणीसपद स्वीकारताना हे अबोल गृहस्थ बड्या राष्ट्रांना निरुपद्रवी वाटले होते. पण १९५५ च्या जानेवारीत ते स्वतः पेकिंगला गेले. कोरियाच्या युद्धात पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांना चीनने कैदेत ठेवले होते आणि आमसभेने त्याबद्दल चीनचा निषेध केला होता. हॅमरशोल्ड यांनी निषेधाची भाषा बाजूला ठेवून आपल्या पदाच्या अधिकारात चाऊ एन-लाय यांच्याशी शांतपणे बोलणी केली. ऑगस्टपर्यंत सारे वैमानिक सुटले.

१९५६ साली ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेनुसार त्यांनी राष्ट्रसंघाची पहिली सशस्त्र शांतिसेना उभारली. यजमान देशाची संमती, बड्या राष्ट्रांच्या फौजांना मज्जाव आणि केवळ स्वसंरक्षणार्थ शस्त्राचा वापर, ही तिची पथ्ये होती. या सेनेत आपले भारतीय जवानही होते.

खरी कसोटी लागली ती काँगोमध्ये. ३० जून १९६० रोजी तो देश स्वतंत्र झाला आणि अवघ्या काही दिवसांत खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. राष्ट्रसंघाचे सैनिक देशात असतानाही पदच्युत पंतप्रधान लुमुंबा यांना पकडण्यात आले व जानेवारी १९६१ मध्ये त्यांची हत्या झाली. राष्ट्रसंघाने त्यांना का वाचवले नाही, हा प्रश्न रास्तच होता. हॅमरशोल्ड यांच्या चरित्रातील ही वेदना आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. त्याआधीच सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांचा राजीनामा मागितला होता. राष्ट्रसंघाची गरज बड्यांपेक्षा लहान राष्ट्रांना अधिक आहे, या जाणिवेने त्यांनी पद सोडण्यास नकार दिला.

सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगात राष्ट्रसंघाच्या सैन्याचीच लढाई जुंपली. ती थांबावी म्हणून कटांगाचे नेते चोंबे यांना भेटण्यास ते १७ सप्टेंबर रोजी निघाले. त्या रात्री हल्लीच्या झांबियातील एन्डोला गावाजवळ त्यांचे विमान कोसळले. विमानातील सोळाही जणांना प्राण गमवावे लागले. हा अपघात की घातपात, याचा उलगडा पुढील कित्येक दशकांच्या चौकशांतूनही झाला नाही. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर नोबेल शांतता पारितोषिक देण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर घरात एक रोजनिशी सापडली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. कारण तीत मुत्सद्देगिरीचा उल्लेख जवळजवळ नव्हता. होता तो एका एकाकी माणसाचा परमेश्वराशी चाललेला संवाद, स्वतःच्या अहंकाराची कठोर झडती आणि देवाच्या इच्छेला दिलेला होकार.

जगाच्या कटकटींपासून दूर गेल्यावरच प्रार्थना साधते, असे आपल्याला पुष्कळदा वाटते. हॅमरशोल्ड यांची प्रार्थना मात्र वाटाघाटींच्या टेबलावर आणि आरोपांच्या गदारोळात चालू राहिली. परक्या देशांत शांततेसाठी पहारा देणाऱ्या स्त्री-पुरुषांना आपल्या प्रार्थनेत स्थान देताना आपण त्यांचेही कृतज्ञ स्मरण करू या.