बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या खान्देशात, नंदुरबार येथे, २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार मेहता यांचा जन्म झाला. व्यापारी घराण्यातील ते एकुलते एक पुत्र.

९ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या प्रारंभीच प्रमुख नेते कारागृहात गेले. तेव्हा ठिकठिकाणी विद्यार्थ्यांनी आंदोलनाची धुरा खांद्यावर घेतली. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर रोजी, नंदुरबारमध्ये मिरवणूक निघाली. तिरंगा १५ वर्षांच्या शिरीषकुमार यांच्या हाती होता. मुखी घोषणा होती ती त्यांच्या मातृभाषेतील, गुजरातीतील. पोलिसांनी मिरवणूक अडवली. बंदुकीचा रोख मुलींकडे वळताच ते पुढे सरसावले आणि गोळ्या त्यांनी स्वतःच्या छातीवर झेलल्या. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा हे त्यांचे सहकारीही त्या दिवशी हुतात्मा झाले.

असाच प्रसंग ३४ वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत घडला. वर्णद्वेषी राजवटीने शाळांवर आफ्रिकान्स भाषा लादली, म्हणून १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गोळीबारात १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन मृत्युमुखी पडला. जीव वाचवण्यासाठी धावणाऱ्या मुलांना रेजिना मुंडी या कॅथोलिक चर्चने आश्रय दिला. पुढे तेच चर्च लोकांच्या सभांचे हक्काचे स्थान बनले.

नंदुरबारमध्ये आज या पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्यांना वंदन करताना एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा: अन्यायापुढे आपली मुले उभी राहतील, तेव्हा आपली दारे त्यांच्यासाठी उघडी असतील काय?