जमिनीवर पडलेला चिमटा

हाफकिन हे नाव तुमच्या कानावरून नक्की गेलंय. लहानपणी तोंडात पडलेले पोलिओचे थेंब आठवा, नाहीतर साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात देतात ते इंजेक्शन आठवा. जव्हार-मोखाड्यात पावसाळा म्हटला की या इंजेक्शनची गरज कधी कुणाला लागेल सांगता येत नाही. ही औषधं बनवण्याशी मुंबईतल्या परळचं हाफकिन हे नाव जोडलेलं आहे. पण हाफकिन हा माणूस कोण होता, हे विचारलं तर आपल्यातले बरेच जण गप्प बसतील. तुमच्यापैकी कुणी नर्सिंग, फार्मसी किंवा लॅब टेक्निशियनच्या कोर्सला असेल, तर त्यांनी ही गोष्ट जरूर वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण इंजेक्शन तर सगळ्यांनाच घ्यावं लागतं.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं बंदर. घर ज्यू. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे शिक्षक मिळाले, पण ज्यू असल्यामुळे पुढे प्राध्यापकी मिळणं अवघड होतं. धर्म बदलला असता तर दार उघडलं असतं. हाफकिन यांनी बदलला नाही. १८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तिथे काम मिळालं ते ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असं चाललं. त्यातूनच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले ते कॉलऱ्यासाठी. कलकत्त्यापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत फिरून दोनेक वर्षांत त्यांनी ४० हजारांहून जास्त लोकांना लस टोचली.

मग १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. शहर रिकामं होऊ लागलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. करोनाच्या वेळी तुमच्या कानावर पडलेला कायदा तो हाच. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. घराघरात शिरणाऱ्या तपासणी पथकांमुळे लोक सरकारवर चिडलेले होते. अशा वातावरणात एका परदेशी माणसाने सुई पुढे करायची, आणि लोकांनी दंड पुढे करायचा, हे सोपं नव्हतं.

हाफकिन यांना मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू वाढवायला ते मांसाचा रस्सा वापरायचे आणि त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. होय, आपलं साजूक तूप! तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतू खाली लोंबकळत वाढायचे. नंतर उष्णता देऊन ते मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचली. वय ३६. ताप आला, अंग दुखलं, पण काम चालू राहिलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि ती घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू कमी दिसले. तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. आता खरा भाग.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी मुंबईहून आलेल्या पाच बाटल्यांमधून १०७ लोकांना लस दिली. आठवड्याभरात त्यांतल्या काहींचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात! १९ जण गेले. सगळ्या १९ जणांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून, नंबर ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांमधून लस घेतलेले ८८ जण ठणठणीत होते.

बोट लगेच परळकडे वळलं. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक अॅसिड घालायची पद्धत सोडून उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत घेतली होती. पाश्चर संस्थेत ती वापरात होती, तरी चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवरच ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं. ज्या माणसाने प्रत्येक लस आधी स्वतःच्या अंगात घेतली, त्याच्या कपाळावर १९ मृत्यू लागले.

खरं काय घडलं होतं? लस देताना बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकमध्ये नुसता हलवून घेतला आणि त्यानेच बाटली उघडली. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांचं कवच इतकं टणक असतं की नुसतं बुचकळून ते मरत नाहीत. आजही त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची दाबाखालची वाफ लागते. आणखी एक पुरावा होता. बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. तेव्हाच जंतू शिरले असते तर उघडताना घाण वास आला असता. उघडणाऱ्यांना तसा वास आला नव्हता.

हे सगळं मांडायला पाच वर्षं गेली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ १९०७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रातून हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. ते कलकत्त्याला परतलेही, पण पूर्वीसारखं काम परत मिळालं नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये वारले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये. तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीचे अडीच कोटींहून जास्त डोस बाहेर गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, शंभरेक वर्षांपूर्वीच्या चिमट्याचं आज काय? तर बघा. खोडाळ्याच्या किंवा साखरशेतच्या आरोग्य केंद्रातून सिस्टर व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन पाड्यावर येतात. अंगणवाडीत जागा असते, कधी कुणाच्या शेणाने सारवलेल्या ओटीवरच बसावं लागतं. बाहेर भातलावणीचा चिखल. लस कितीही चांगल्या कारखान्यात बनलेली असो, शेवटचे दोन फूट ती याच ओटीवर, एका माणसाच्या हातून जाते. म्हणूनच आज एकदाच वापरता येणारी सिरिंज आहे. दुसऱ्यांदा दट्ट्या ओढायला गेलात तर तो निघतच नाही. गोवरची लस पावडरमध्ये पाणी मिसळल्यापासून चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. वापरलेली सुई पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात. घरी बाळंतपण झालंच तर नाळ कापायला नवंकोरं ब्लेड. भारत २०१५ मध्ये नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त जाहीर झाला, त्यात लशीइतकाच अशा साध्या सवयींचा वाटा आहे. २०२० च्या जानेवारीत, म्हणजे करोनाच्या तोंडावरच, केंद्र सरकारने दवाखान्यांतल्या संसर्गनियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही काढली. कोर्सला गेलात तर ती अभ्यासावीच लागतील.

हा विषय वर्गात कंटाळवाणा वाटतो, हे मान्य. हात धुण्याच्या पायऱ्या, डब्यांचे रंग, कुठलं भांडं किती वेळ उकळायचं, सगळी घोकंपट्टी. पण मुलकोवालमध्ये जे मेले त्यांना प्लेगने गाठलं नव्हतं, लसही खराब नव्हती. मधली एक पायरी घाईत झाली, बस. आणि तिची शिक्षा भोगली ती हजार मैलांवर बसलेल्या माणसाने.

तेव्हा पुढच्या वेळी आरोग्य शिबिरात स्वयंसेवक म्हणून गेलात आणि काही खाली पडलं, तर पुसून परत ठेवू नका. बाजूला काढा, सिस्टरला सांगा, दुसरं मागा. रांगेतले लोक कुरकुरतील. पाच मिनिटं कुरकुरू द्या.