गांधीजी आणि गार पाण्याचा उपचार

निसर्गोपचाराचा विषय निघाला की पुणे जिल्ह्यात उरुळी कांचनचे नाव हटकून घेतले जाते. तेथील आश्रमामागे महात्मा गांधींची पाण्यावरील जुनी श्रद्धा होती. त्या श्रद्धेची खरी कसोटी लागली ती मुंबईच्या गिरगावात.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. बॅरिस्टर होऊन ते दक्षिण आफ्रिकेत गेले. जर्मनीचे लुई कुने यांच्या जलचिकित्सेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. टबात बसून ओटीपोट गार पाण्यात ठेवायचे, हे कुने यांचे कटिस्नान.

१९०२ मध्ये गांधीजी मुंबईत वकिली करीत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वराने गाठले. जोडीला न्यूमोनियाही होता. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप देण्यास सांगितले. मुलाचे मन जाणून घेऊन गांधीजींनी ते नाकारले व तीन-तीन मिनिटांची कटिस्नाने सुरू केली. तरीही ताप १०४ अंशांपर्यंत चढे. आपल्या मतांसाठी मुलाचा जीव पणाला लावण्याचा अधिकार बापाला आहे काय, या विचाराने ते व्याकूळ झाले. अखेर त्यांनी पाण्यात भिजवून पिळलेल्या चादरीत मुलाला गुंडाळले, वर घोंगड्या पांघरल्या, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. त्याला कस्तुरबांवर सोपवून ते चौपाटीवर गेले. परतले तेव्हा मणिलालला दरदरून घाम फुटला होता. ताप उतरू लागला.

हे यश पाण्याचे, शुश्रूषेचे की ईश्वरकृपेचे, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे, असे गांधीजींनी लिहिले; स्वतः मात्र ईश्वरानेच आपली लाज राखली, असे ते पुढेही मानत. विषमज्वरावर तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज ती असताना हा प्रयोग अनुकरणीय ठरत नाही.

गांधीजींची श्रद्धाही आंधळी नव्हती. येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सचा विकार बळावला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली.

१९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात कटिस्नान आणि ओल्या चादरीची कृती सांगितली आहे. गिरगावात मणिलालच्या उशाशी बसलेल्या कस्तुरबांनी त्याच वास्तूत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी अखेरचा श्वास घेतला.

पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत. १९४५ मध्ये या कार्यासाठी विश्वस्त निधीही स्थापन झाला. परंतु खेड्यातला गरीब माणूस उपचारासाठी शहरात येणार कसा, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले व स्वतः रुग्ण तपासू लागले. पुढील काम मणिभाई देसाई यांनी आयुष्यभर सांभाळले.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. पाण्याने प्रत्येक रोग बरा होत नाही, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. मात्र उपचार गरिबाच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह अजूनही पुरा झालेला नाही.