कर्नल लॅम्बटन व त्याची सांखळी

चंद्रपुराहून वर्ध्याकडे आगगाडीनें जातांना वरोरा मागें पडला, कीं कांहीं वेळानें हिंगणघाट लागतें. हिंदुस्थानची भूमि मोजावयास निघालेला लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन ह्याच गांवीं 20 जानेवारी 1823 रोजीं मरण पावला. रेषेचा चढ काढण्याच्या ज्या गणितानें पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात, तेंच गणित ह्या मनुष्यानें उन्हातान्हांत वीस वर्षें केलें.

लॅम्बटन मूळचा इंग्लंडांतील यॉर्कशायरचा. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईंत तो होता. पुढें 10 एप्रिल 1802 रोजीं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशीं त्यानें साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास घेतली. शंभर फुटांची पोलादी सांखळी सुमारें 400 वेळां मांडावी लागली, आणि ह्या कामीं जवळजवळ दोन महिने गेले.

एवढा वेळ कां लागावा? जमीन कांहीं आलेखाच्या कागदासारखी सपाट नसते. उतारावर धरलेली सांखळी तिरपें अंतर दाखविते. नकाशास हवें असतें आडवें. समजा, सांखळीचें एक टोंक दुसऱ्याहून तीन फूट उंच आहे. मग आडवें अंतर 99.955 फूट भरतें. उंचीच्या फरकास ह्या आडव्या अंतरानें भागिलें, कीं चढ आला, सुमारें 0.03. चढ तोच राहील तोंपर्यंत आलेखावर एकच सरळ रेषा उमटेल. चढ बदलला, कीं रेषा मोडेल व समीकरणहि बदलेल. चूक दिसावयास अर्ध्या इंचाहून किंचित अधिक. परंतु 400 सांखळ्यांत तीच अठरा फुटांवर जाते, आणि त्या एका रेषेवर तर शेंकडों मैलांचे त्रिकोण उभारावयाचे होते! म्हणून प्रत्येक टप्प्याचा चढ पाहून तो तिरप्या अंतराचें आडवें अंतर करून घेई.

1808 मध्यें तंजावरच्या देवळावर चढवितांना त्याचें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र भिंतीवर आदळून वेडेंवांकडें झालें. दुसरा कोणी हताश झाला असता. लॅम्बटननें सुमारें सहा आठवडे खपून तें स्वतःच्या हातांनीं सरळ केलें.

साठी उलटल्यावरहि तो हैदराबादेहून नागपुराकडे निघाला आणि वाटेंत हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट ह्यानें ती त्रिकोणमालिका 1841 पर्यंत देहराडूनच्या परिसरांत नेऊन पोंचविली, आणि 1865 मध्यें सर्वांत उंच शिखरास नांव लागलें तें एव्हरेस्टचें.