सावित्रीमाई आणि शाळकरी मुलांचे आरोग्य

क्रांतीज्योती सावित्रीमाई फुले यांची जयंती ३ जानेवारीला आपण वस्तीवस्तीत साजरी करतो. पहिली शिक्षिका म्हणून त्यांना अभिवादन करतो. परंतु माईंच्या जीवनाची एक बाजू भाषणांतून निसटून जाते. माईंनी मुलांना शिकवले, तसेच त्यांना जगवलेही.

१८३१ साली नायगावी जन्मलेल्या सावित्रीमाईंचा विवाह बालवयातच जोतीरावांशी झाला. लग्नानंतर त्या शिकल्या. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि माई शिकवू लागल्या. सनातन्यांनी अंगावर शेण-चिखल फेकला, तरी माईंनी शिकवणे सोडले नाही. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या.

१८६८ साली फुले दाम्पत्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. स्वच्छ पाणी हा आरोग्याचा पहिला आधार, आणि तोच जातीने अडवला होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली. त्या कामात माई आघाडीवर होत्या. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे त्यांना कोणत्याही शासन निर्णयाने सांगितले नव्हते.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. जोतीराव १८९० सालीच गेले होते. माईंचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक मुलगा आजारी पडल्याचे कळताच माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सहासष्ट वर्षांच्या शिक्षिकेने आजारी मुलासाठी चिठ्ठी लिहून दिली नाही. तिने मूल उपचारापर्यंत पोहोचवले. शालेय आरोग्याच्या कामाचे मोजमाप याच कसोटीवर व्हायला हवे.

चवदार तळ्याचा संगर ज्या जिल्ह्यात झाला, त्या आपल्या रायगडात पेण व रोहा तालुक्यांच्या आदिवासी वाड्यांवर ही कसोटी लावून पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. पण पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला निघून जातात. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाची तपासणी कोण करणार? ज्याला पुढील उपचारासाठी अलिबागला पाठवायचे ठरले, त्याच्या आईची एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे कोण देणार? किती मुले तपासली, एवढाच आकडा मोजून भागत नाही. किती मुले उपचार घेऊन बरी होऊन वर्गात परतली, हा आकडा मागितला पाहिजे.

हा आकडा मागण्याचा मार्ग कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे याच कायद्याच्या अनुसूचीत आहेत. शाळेतील मोफत आहार अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या कलम ५ ने हक्क झाला आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील आणि शेजारच्या वाडीतील आयाबहिणींना या समितीत बसवावे. दर बैठकीत तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. नळाला पाणी आहे का? आहार रोज शिजतो का? आजारी म्हणून नोंदलेले प्रत्येक मूल दवाखान्यात पोहोचले का? ज्या शाळेत तिन्हींची उत्तरे होकारार्थी येतील, त्या शाळेने सावित्रीमाईंना खरे अभिवादन केले असे म्हणता येईल.