फादर स्टीफन्स : द्वैभाषिकतेचे एक चरित्र

फादर थॉमस स्टीफन्स यांचा उल्लेख वाङ्मयेतिहासात मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी म्हणून होतो. हा गौरव यथार्थ असला, तरी त्यामुळे त्यांच्या भाषेतील कोकणी-मराठी मिश्रणाचे मर्म काहीसे झाकले जाते. हे मिश्रण परकीयाच्या अपुऱ्या ज्ञानाचे द्योतक नसून जाणीवपूर्वक केलेली निवड आहे.

इ. स. १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात त्यांचा जन्म झाला. १५७५ मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षांचे त्यांचे कार्य प्रामुख्याने साष्टी भागात झाले. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे त्यांनी १५८३ मध्येच बंधूस कळविले होते. विल्यम जोन्स यांच्या सुप्रसिद्ध व्याख्यानापूर्वीची ही दोन शतके होत.

साष्टीतील नवख्रिस्ती समाज मुळातच द्विभाषिक होता. घरची बोली कोकणी, तर पुराणश्रवणाची भाषा मराठी. धर्मांतराने जुनी पुराणे दुरावली. श्रवणाची ओढ मात्र उरली. ती पोकळी भरण्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ईश्वरी विषयास मराठी योग्य, परंतु शुद्ध मराठी सामान्यांस दुर्बोध. म्हणून कठीण शब्द टाळून कोकणी शब्द योजल्याचे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ स्वीकारले, तर ‘क्रूस’ पोर्तुगीजमधून घेतला. त्यांच्या कोकणी व्याकरणाची भाषा पोर्तुगीज असून चौकट लॅटिनची आहे.

१६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने, स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी, असा हुकूम काढला. येथे दोन भाषासंपर्कांतील भेद स्पष्ट होतो. स्टीफन्स यांनी श्रोत्याच्या दोन्ही भाषा प्रमाण मानल्या. हुकुमाने त्याची भाषाच नाकारली. धर्मप्रसार हा स्टीफन्स यांचाही हेतू होता, हे विसरता येत नाही. तथापि तो साधण्यासाठी श्रोत्याच्या भाषेपुढे त्यांना नमते घ्यावे लागले. म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’तील कोकणी रूपांना अशुद्ध ठरविण्यापूर्वी, ती कोणत्या श्रोत्यासाठी आली, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.