अंगणातील शाळा

सकाळ झाली की गावोगावच्या अंगणवाड्यांतून लहान मुलांचा किलबिलाट ऐकू येऊ लागतो. उत्तर कोकणातील बोर्डीपासून विदर्भातील पोहरादेवीपर्यंत अंगणवाडी हा शब्द आज घरोघरी परिचित आहे. तुमच्यापैकी अनेकजण लहानपणी या चिमुकल्या शाळेत गेले असतील. तेथे गाणी म्हटली असतील, मण्यांच्या माळा ओवल्या असतील. परंतु शाळा अंगणात कशी आली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या थोर स्त्रीने ती तेथे आणली, तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. घरातील वातावरण सुधारणेस अनुकूल असल्यामुळे ताराबाईंच्या शिक्षणात खंड पडला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलींना लिहितावाचता येणे हीच मोठी गोष्ट मानली जाण्याचा तो काळ होता. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु संसारसुख त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. आयुष्य एकटीने उभे करण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्या डगमगल्या नाहीत. राजकोट येथे शिक्षिका घडविणाऱ्या बार्टन अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले.

त्याच सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी बालशिक्षणाचा एक अभिनव प्रयोग मांडला होता. गिजुभाई मूळचे वकील. परंतु मुलांच्या ओढीने त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. या कार्याची कीर्ती ऐकून ताराबाई १९२३ साली भावनगरला गेल्या. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना सांभाळण्यास विद्या कशाला हवी, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ताराबाईंनी मात्र मोठ्या मानाचे पद सोडून याच कामास वाहून घेतले.

भावनगरच्या बालमंदिरात छडी नव्हती, तसेच बक्षिसाचे आमिषही नव्हते. भीतीने किंवा लोभाने केलेले काम मुलाचे स्वतःचे होत नाही, अशी तेथील धारणा होती. मुलाने आपल्या हातांनी पाणी ओतावे, सदऱ्याची बटणे लावावी, लहानमोठे ठोकळे उतरत्या क्रमाने रचावे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवावे. आणि अशा रीतीने हात, डोळे व बुद्धी यांनी एकत्र काम करावे, ही ती पद्धत होय. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत तिचा आरंभ केला होता. या पद्धतीत शिक्षिकेने कमी बोलावे, अधिक पाहावे आणि मुलाची चूक मुलालाच उमगू द्यावी, अशी अपेक्षा असे. हे दिसते तितके सोपे नाही. त्यासाठी शिक्षिकेचे स्वतःचे मन शांत आणि प्रसन्न असावे लागते. हा संयम ताराबाईंनी अभ्यासाने अंगी बाणविला.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाईंनी संपादित केली आणि पालकांना व शिक्षकांना बालकाकडे नव्या दृष्टीने पाहण्यास शिकविले. १९३६ साली त्यांनी मुंबईतील दादर येथे शिशुविहाराची स्थापना केली. शहरातील सुशिक्षित पालक आपली मुले तेथे आनंदाने धाडू लागले. ताराबाईंना यश आणि नाव दोन्ही मिळाले.

तथापि एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. रोममध्ये जी पद्धत गरिबांच्या मुलांसाठी जन्मास आली, ती आपल्या देशात बहुतेक सुखवस्तू घरांपुरतीच राहिली होती. तिची साधने गुळगुळीत, रंगीत आणि महाग होती. महात्मा गांधींनी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरीबाईंच्या संस्थेस भेट दिली, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांनाही मिळावे, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. ती कशी फळास यावी? शहरात राहून हा प्रश्न सुटणार नाही, हे ताराबाईंनी जाणले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतील जम बसलेले काम मागे ठेवून त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या खेड्यात आल्या. आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ ही अठरा वर्षांनी लहान असलेली कर्तबगार शिक्षिका त्यांना येथेच सहकारी म्हणून लाभली.

बालवाडी सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे येईनात. त्यांचे आईवडील पहाटेच मजुरीस जात. त्यांना शाळेत कोण पोहोचविणार? कित्येकांच्या अंगावर धड वस्त्र नसे. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. दुसरे कोणी असते, तर या लोकांना शिक्षणाची आवड नाही असे म्हणून मोकळे झाले असते. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, त्यांच्या आईबापांनाही दिला नाही. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला. साधनांची पिशवी घेऊन शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण हाच वर्ग झाला. प्रथम मुलांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, नखे कापावी आणि मग गाण्यांना व खेळांना आरंभ करावा, असा क्रम असे. हीच अंगणवाडी होय.

साधनांचा प्रश्नही त्या परिसरानेच सोडविला. समुद्रकाठी शिंपले होते, ओढ्यात गोटे होते, रानात बिया, पाने, फुले आणि बांबू होते. लहानमोठे गोटे ओळीने मांडले की आकाराचा क्रम कळतो. चिंचोके मोजले की संख्या कळते. निरनिराळी पाने चुरगळून हुंगली की नाकाला शिक्षण मिळते. ओल्या मातीचे गोळे वळता वळता बोटांना वळण लागते आणि पुढे तीच बोटे पाटीवर अक्षर काढू लागतात. अशा साधनांना पैसा लागत नाही. लागते ती शिक्षिकेची चौकस दृष्टी.

पुढे सुमारे बारा वर्षांनी हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. भोवताली वारली आदिवासींचे पाडे होते. भावंडे सांभाळण्यामुळे मुलींची शाळा बुडते, हे ध्यानात घेऊन पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालविण्यात आली. तिला विकासवाडी म्हणत. आता थोरली बहीण वर्गात बसे आणि धाकटे मूल जवळच सुरक्षित असे. जी मुले दिवसभर गुरे राखीत, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. प्रत्येक अडचणीतून एका नव्या शाळेचा जन्म झाला.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. कोसबाडचे कार्य अनुताईंनी त्याच निष्ठेने पुढे चालविले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजनेस आरंभ केला. या योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या एका वस्तीवरील तो साधा शब्द साऱ्या देशाचा झाला.

आजही एखादी अंगणवाडीसेविका पावसाळ्यात चिखल तुडवीत वस्तीवर जाते, न आलेल्या मुलाची घरी जाऊन चौकशी करते आणि त्याचे बोट धरून त्याला घेऊन येते. ताराबाईंनी घालून दिलेला धडा तो हाच.